लांब कानांचे कुत्रे, कुसळं आणि गोखरू: गोव्यातल्या कुत्रेपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की कॉकर स्पॅनियल, बीगल, बॅसेट, डॅशहुंड, लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. तुमचा कुत्रा आत्ता या क्षणी मान झटकत असेल, तर बाकीचं नंतर वाचा आणि थेट प्रश्न १० वर जा.

१. कुसळ म्हणजे नेमकं काय? गवताच्या साध्या काडीला एवढं काय घाबरायचं?

कुसळ म्हणजे गवताचं पिकलेलं बी आणि त्याला जोडलेली शेपटी. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं, कुसळी गवत घ्या. त्याच्या बियाचं खालचं टोक सुईसारखं असतं. त्या टोकामागे ताठ, तांबूस केस असतात आणि ते सगळे मागच्या बाजूला झुकलेले असतात. त्यामुळे कुसळ पुढे सरकतं, पण मागे येत नाही. वरची काळपट शेपटी पिळलेल्या सुतळीसारखी असते. ओलावा लागला की तिचा पीळ सुटतो, सुकली की पुन्हा बसतो, आणि त्या पिळाबरोबर बी गिरमिटासारखं फिरतं.

खात्री करायची असेल तर एक सुकं कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थोड्या वेळात ते आपोआप वळायला लागेल. बी जमिनीत रुतावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, काखेत ती तशीच चालते. साधी काडी झटकली की पडते. कुसळ मात्र प्रत्येक झटक्यासरशी थोडं आत जातं.

२. आणि गोखरू? आमच्या कुत्र्याच्या केसांत तीन-चार तऱ्हेची काटेरी फळं सापडतात.

खरं गोखरू म्हणजे सराटा. पण केसांना चिकटणाऱ्या सगळ्याच काटेरी फळांना लोक गोखरू म्हणतात, म्हणून इथेही तसंच म्हटलं आहे. गोव्यात मुख्यतः ही सापडतात:

आघाडा: चवथीच्या पत्रीत आपण जो वापरतो, तोच. पुढे त्याच्या तुऱ्यावरची फळं खाली वळतात, सुकतात आणि टोकदार होतात. कानाच्या झालरीत, म्हणजे कानाच्या लोंबत्या लांब केसांत, ती ओळीने अडकतात.

वनभेंडी: वाटाण्याएवढं पाच फाकांचं फळ, अंगभर बारीक आकडे. केसांची गुठळी करण्यात याचा हात कोणी धरणार नाही.

शंकेश्वर: बोटाच्या पेराएवढं अंडाकृती फळ, वाकड्या आकड्यांचं. याचं बी विषारी असतं, त्यामुळे कुत्र्याला ते केसांतून दातांनी ओढून चावू देऊ नका.

सराटा: केसांपेक्षा पायाच्या गादीत रुततो. कुत्रा चालता चालता अचानक एक पाय उचलून उभा राहिला, तर आधी तो पाय पाहा.

गोखरूमुळे केस गुंततात आणि कातडी सोलवटते. ते सहसा शरीरात शिरत नाही. शरीरात शिरतं ते कुसळ. म्हणून तपासताना दोन्ही सापडली, तर आधी कुसळं काढा.

३. लांब कानांच्या कुत्र्यांनाच हा त्रास जास्त का?

कारण हुंगताना मान खाली गेली की कान जमिनीवरून केरसुणीसारखे फिरतात. झालरीत बी अडकतं, कुत्रा मान झटकतो, कानाची लोंबती पाळी उडून आतली बाजू डोक्यावर आपटते आणि बी कानाच्या तोंडाशी पोचतं. तिथून पुढे रस्ता उताराचा आहे. कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी सरळ आडवी नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी. उताराने गेलेलं कुसळ वळणापाशी किंवा थेट पडद्यापाशी जाऊन टेकतं. वरून पाळीचं झाकण असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

कॉकरच्या पाळीच्या आतल्या बाजूलाही दाट केस असतात, म्हणून त्याला धोका सगळ्यांत जास्त. बीगलचे आणि डॅशहुंडचे केस आखूड, त्यामुळे बी कमी अडकतं, पण डॅशहुंडचं डोकंच गवताच्या तुऱ्यांच्या उंचीवर असतं.

४. गोव्यात नेमक्या कोणत्या महिन्यांत जपायचं?

ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांत वाईट. जून ते ऑगस्ट गवत हिरवं आणि मऊ असतं. चवथीच्या सुमारास सड्यावरचं गवत तुऱ्यावर येतं. पाऊस ओसरून ऊन तापलं की पंधरा-वीस दिवसांत तेच तुरे पिवळे पडतात आणि नुसता हात लागला तरी बी सुटतं. जानेवारीनंतर उभ्या गवतावर बी कमी राहतं, पण गळलेलं बी वाटेच्या कडेला, दगडांच्या फटीत, कुंपणाच्या तळाशी साठून असतं. पहिला पाऊस पडून ते रुजेपर्यंत धोका पूर्ण जात नाही.

सोपी खूण अशी: फिरून आल्यावर स्वतःचे मोजे पाहा. मोज्यांत कुसळं रुतली असतील तर कुत्र्याच्या अंगावर ती आहेतच.

५. मग फिरवायचं तरी कुठे?

पर्वरी, ताळगाव, वेर्णा इथल्या सड्यांवर पावसाळ्यात मनसोक्त फिरवा. ऑक्टोबर उजाडला की मात्र सड्याच्या मधल्या डांबरी किंवा जांभ्याच्या रुंद वाटेवरच राहा. तसंही उंच सुक्या गवतात शिरू नये, सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो.

खाजणाच्या बांधावरची मधली मळलेली पायवाट चालते, दोन्ही कडा टाळा. भातकापणी झाल्यावर शेतात सोडायचा मोह होतो, पण कोरगुटासारख्या भाताला कुसळं असतात. मळणी जिथे झाली आहे, ती जागा निदान काही आठवडे टाळा. कुळागरं आणि माडांची भाटं सावलीची असतात, तिथे कुसळी गवत जवळपास नसतं. वनभेंडी आणि आघाडा मात्र कडेला असतात. मालकाला विचारूनच शिरा, हे सांगायला नको.

पट्टा दीड मीटरचा, ठरावीक लांबीचा वापरा. लांब होत जाणाऱ्या गुंडाळीच्या पट्ट्याने कुत्रा वाटेवरून नेमका कडेच्या गवतात जातो. किनाऱ्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

६. फिरून आल्यावर तपासायचं कसं? आम्ही हात फिरवतो, तेवढं पुरतं का?

पुरत नाही. कुसळ केसांच्या दिशेने आडवं झोपतं आणि वरून फिरणाऱ्या हाताला लागत नाही. पाच-सात मिनिटं काढा. घरात शिरण्याआधी, पडवीत किंवा बाल्कनीत, चांगल्या उजेडात तपासा, म्हणजे झटकलेलं बी चटईत आणि गादीत जात नाही.

जवळ ठेवा: एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांचा धातूचा कंगवा, बोथट टोकाचा चिमटा, बोथट टोकांची कात्री, टॉर्च, जुना पांढरा टॉवेल. पांढरा अशासाठी की पडलेलं बी दिसतं.

पहिला नंबर कानांचा. आणि कुत्र्याने मान झटकण्याआधी, म्हणजे दारात पोचल्या पोचल्या. पाळी उलटी करून डोक्यावर धरा. आतली बाजू, मग कानाच्या तोंडाभोवतीचे केस पाहा. मग पाळीच्या बाहेरच्या कडेला, बुंध्याजवळ कातडीची एक छोटी खिशासारखी घडी असते, ती अंगठ्याने उघडा. बहुतेक लोकांना ही घडी माहीतच नसते आणि कुसळं व गोचिडी दोन्ही तिथेच लपतात. शेवटी झालर विरळ कंगव्याने टोकाकडून बुंध्याकडे, थोडी थोडी विंचरा.

मग डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांच्या आत हिरड्या. मग काखा आणि जांघा. तिथली कातडी पातळ असते आणि चालताना घासली जाते, त्यामुळे कुसळ पटकन रुततं. मग चारही पंजे, प्रत्येक दोन बोटं फाकवून वरून आणि खालून. शेवटी शेपटीच्या खालची बाजू, मादी असेल तर योनीभोवती, नर असेल तर लिंगाच्या आवरणाचं तोंड.

तपासून होईपर्यंत अंघोळ नको, ओल्या कपड्याने पुसणंही नको. ओलं झालेलं कुसळ फिरतं (प्रश्न १) आणि ओली गुठळी आवळते.

७. केस कापले तर फरक पडतो का? किती कापायचे?

मोठा फरक पडतो. आमच्या मते कानांवरच्या टोपीपेक्षाही (प्रश्न ८) जास्त. सप्टेंबर संपण्याआधी एकदा आणि डिसेंबरपर्यंत दर चार ते सहा आठवड्यांनी कापा.

कॉकरच्या कानाचा वरचा एक तृतीयांश भाग दोन्ही बाजूंनी केस कापायच्या मशीनच्या दहा नंबरच्या ब्लेडने बारीक करा. या ब्लेडने साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. कानाच्या तोंडाखालचा, गालाला लागणारा केसांचा पुंजकाही काढा. कुसळ आधी तिथेच थांबतं. झालर इतकी कापा की मान खाली गेल्यावर टोक जमिनीला टेकणार नाही. पंजाखाली गाद्यांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत कापा. कात्री गाद्यांच्या फटीत खुपसू नका, एवढीशी कातडी पटकन कापली जाते.

कानाच्या नळीतले केस मात्र उगाच उपटू नका. उपटल्याने आतली कातडी सुजते आणि आपल्या दमट हवेत संसर्गाला निमित्त मिळतं.

गोल्डन रिट्रीव्हरचं अंग भादरू नका. कान, पंजे, पोटाखालची आणि मांडीमागची झालर आखूड केली की पुरे.

८. कानांवर चढवायची टोपी, तो स्नूड, घालावा का? घरी शिवता येईल का?

गवताची वाट टाळता येत नसेल तर घाला. स्नूड म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी कापडाची नळी. ती डोक्यावरून चढवली की कान गालाशी दाबून झाकलेले राहतात आणि तोंड, नाक, डोळे मोकळे असतात.

टी-शर्टचं होजिअरी कापड उत्तम: पातळ, सुती, ताणणारं. माप असं घ्या. कान खाली सोडून, डोळ्यांच्या दोन बोटं मागे, कानांवरून आणि हनुवटीखालून टेप फिरवा. आलेल्या मापातून २ ते ३ सेंटिमीटर वजा करा, कापड ताणतं म्हणून. लांबी डोळ्यांच्या मागून मानेच्या मध्यापर्यंत घ्या आणि दुमडीसाठी ४ सेंटिमीटर जास्त. मोठ्या कॉकरला साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लागतात. शिवायचं नसेल तर मोठ्या माणसाच्या लांब बाह्यांच्या टी-शर्टची बाही वरच्या रुंद भागातून कापून घ्या. दोन्ही टोकांना मऊ इलॅस्टिक चालतं, पण चढवल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

घालण्याआधी कान आतून तपासा. आधीच आत बी असेल तर स्नूड ते दाबून धरेल. पाळी सपाट, खाली तोंड करून बसवा, दुमडू नका. एका वेळी अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. सकाळी सात-साडेसातच्या आत फिरून या. ऑक्टोबरच्या उकाड्यात उन्हात स्नूड घालू नका. कुत्रा जोरजोराने धापा टाकायला लागला तर लगेच काढा. पाण्यात जाणार असेल तर आधी काढा, ओल्या स्नूडखाली कान चिंब राहतो. रोज धुऊन उन्हात वाळवा आणि घालण्याआधी उलटा करून पाहा, कापडातही कुसळं रुतून बसतात.

झाकलेल्या कानांनी कुत्र्याला कमी ऐकू येतं. त्यामुळे स्नूड घातला की पट्टा सोडायचा नाही.

पूर्ण डोकं झाकणारी जाळीची टोपीही मिळते. ती नाक-डोळेही वाचवते. आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतात का, एवढं घेताना पाहा.

घालूच देत नसेल तर सात दिवस द्या. पहिल्या दिवशी स्नूडमधून नुसता खाऊ द्या, दुसऱ्या दिवशी क्षणभर चढवून काढा, मग रोज मिनिट-दोन मिनिटं वाढवा. सड्याच्या तोंडाशी उभं राहून पहिल्यांदाच चढवलात तर तो पंजाने ओढून काढणारच.

९. त्यापेक्षा रबरबँडने कान डोक्यावर बांधले तर? किंवा कानात कापूस?

दोन्ही नको. कान वर बांधले की झालर वाचते, पण कानाचं तोंड उघडं पडतं आणि उडालेलं बी सरळ आत जातं. शिवाय केसांत हरवलेला रबरबँड पाळीलाच बसला तर रक्तपुरवठा तुटून पाळी सडू शकते. कापूस धावताना आत सरकतो, ओलावा धरतो आणि मग कुसळाऐवजी कापूस काढायला डॉक्टरांकडे जावं लागतं.

१०. कुत्रा फिरताना अचानक मान झटकायला लागला, एका बाजूला डोकं कलवतोय, कान खाजवून रडतोय. आत्ता काय करू?

हे कानात कुसळ गेल्याचं ठळक लक्षण आहे. अचानक, एकाच कानाला, गवतातून आल्यावर.

कुत्र्याला थांबवा, आणखी धावू देऊ नका. पाळी उलटून टॉर्चने फक्त पाहा. टोक बाहेर दिसत असेल तर प्रश्न ११. दिसत नसेल तर कानात काहीही घालू नका: बड नाही, चिमटा नाही, औषधाचा थेंबही नाही. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. दुखणाऱ्या कानाला हात लावला की गरीब कुत्राही चावतो, म्हणून धरताना जपून.

निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. एक, ओटोस्कोप (कानाच्या आत पाहायचं उपकरण) आणि कानातला लांब बारीक चिमटा त्यांच्याकडे आहे का. प्रत्येक दवाखान्यात असतोच असं नाही, आणि त्याशिवाय नळीच्या वळणापलीकडचं दिसत नाही. दोन, खायला द्यावं का. बहुतेक कुत्र्यांना यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि त्याला पोट रिकामं लागतं.

रात्र असेल आणि सकाळपर्यंत थांबावंच लागलं, तर गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घाला, म्हणजे पंजाने कान ओरबाडणार नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, घरातली कुठलीच माणसांची दुखण्यावरची गोळी देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकते.

११. कुसळाची शेपटी कानाच्या तोंडाशी दिसतेय. ओढून काढू का?

चिमटा नळीच्या आत न घालता ती पकडता येत असेल, तरच. दुसऱ्या माणसाला डोकं धरायला सांगा, शक्य तितक्या बियाजवळ पकडा, एका सरळ रेषेत हळू ओढा. अडकतंय असं वाटलं की सोडून द्या. शेपटी तुटली तर बी आत राहतं आणि पकडायला काहीच उरत नाही.

निघालं तर ते पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा: सुईसारखं टोक शाबूत आहे का? नसेल तर डॉक्टरांकडे जा. असलं तरी पुढचे २४ तास लक्ष ठेवा, कारण आत दुसरं असू शकतं. पुन्हा मान झटकू लागला तर प्रश्न १०.

१२. कानात खोबरेल तेल सोडलं तर कुसळ सुळकन बाहेर येईल असं सांगतात. खरं आहे का?

नाही. ते मागे येऊच शकत नाही, तेलाने फार तर पुढे सरकायला मदत होईल, आणि डॉक्टरांना ओटोस्कोपमधून आत सगळं धूसर दिसेल. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. मागच्या वेळचे उरलेले कानाचे थेंब तर मुळीच नकोत: कुसळाने पडद्याला भोक पडलं असेल तर जेंटामायसिनसारखी काही औषधं आतल्या कानात उतरून बहिरेपणा आणू शकतात. पडदा शाबूत आहे का हे पाहिल्यावरच थेंब द्यायचे असतात.

खोबरेल तेलाचा खरा उपयोग प्रश्न १५ मध्ये आहे.

१३. काल खूप झटकत होता, आज शांत आहे. म्हणजे निघालं ना?

तसं धरून चालू नका. कुसळ एका जागी टेकलं की टोचणं कमी होतं आणि कुत्रा वरवर सावरतो. आत मात्र सूज आणि पू सुरू होतो. काही दिवसांनी कानाला वास येतो, कुत्रा त्या बाजूला हात लावू देत नाही. एकदा जोरदार झटकणं झालं असेल तर शांत झाल्यावरही कान आतून तपासून घ्या.

फार झटकण्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून पाळी पुरीसारखी फुगते. दाबून पाहू नका, सुईने टोचू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि सूज का आली, म्हणजे आत काय आहे, हेही त्याच वेळी पाहायला सांगा. नाहीतर पाळी बरी होते आणि कारण आतच राहतं.

१४. कुसळ आहे की पावसाळ्यातलं नेहमीचं कानाचं इन्फेक्शन, हे कसं ओळखायचं?

इन्फेक्शन हळूहळू वाढतं, बहुधा दोन्ही कानांना असतं, तपकिरी मळ आणि आंबूस वास आधी येतो. कुसळाचा त्रास मिनिटभरात सुरू होतो आणि एकाच कानाला. पण जुनं कुसळ इन्फेक्शनसारखंच दिसतं. एकच कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर ‘आत कुसळ आहे का’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

१५. गोखरू केसांत पार रुतून बसलंय. ओढलं तर ओरडतो.

ओढू नका. गोखरू आणि कातडी यांच्या मध्ये केस बोटांच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ताण कातडीपर्यंत जात नाही. मग पक्कडीने गोखरू चिरडा. आकडे मोडले की अर्धं काम झालं. बोटांवर चार-पाच थेंब खोबरेल तेल घेऊन गुठळीत चोळा, पाचेक मिनिटं थांबा आणि कंगव्याच्या टोकाने बाहेरून आत, थोडे थोडे केस मोकळे करा.

तरी सुटत नसेल तर कापा, पण असं: आधी कंगवा कातडी आणि गुठळी यांच्या मध्ये सरकवा आणि कात्री कंगव्याच्या वरच्या बाजूने चालवा. गुठळी केसांच्या दिशेने उभी दोन-तीन ठिकाणी चिरली की ती बहुधा विंचरून निघते, आडवं कापायची वेळ येत नाही. काखेत आणि कानामागे कातडी गुठळीबरोबर वर ओढली जाते. तिथे कंगवा न घालता कात्री लावल्याने कापलेले कान दवाखान्यात नेहमी येतात.

शेवटी तेल शाम्पूने धुऊन टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळी तांबडी माती तिथेच बसेल.

गुठळीच्या जागी कातडीला चिकटलेला राखाडी, मऊ, गुळगुळीत दाणा लागला तर तो बहुधा गोचीड असतो. चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा.

१६. पंजाच्या बोटांमध्ये फोड येतो, अँटिबायोटिकने बरा होतो, औषध संपलं की पुन्हा येतो. असं का?

हे वाचल्यावर पहिला संशय कुसळाचाच घ्यावा. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आत बसून असतं. औषधाने भोवतीचा संसर्ग उतरतो, पण बी तसंच राहतं. औषध थांबलं की पुन्हा पू. फोडाला बारीक छिद्र असेल, त्यातून पाणी किंवा रक्तमिश्रित पू येत असेल आणि कुत्रा तीच जागा चाटत असेल, तर डॉक्टरांना ऑक्टोबरमधल्या फिरण्याबद्दल सांगा, मग महिना कोणताही चालू असो. शिरलेलं कुसळ आठवड्यांनी, महिन्यांनीही त्रास देतं आणि शिरलं तिथून वर सरकलेलं असू शकतं.

घरी करायचं ते एवढंच: कोमट मिठाच्या पाण्यात पंजा दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. छिद्र मोकळं राहतं. फोड पिळू नका, सुईने उकरू नका.

१७. एक्स-रे काढला, काहीच दिसलं नाही. म्हणजे आत कुसळ नाही?

असा अर्थ होत नाही. गवताचं बी एक्स-रेमध्ये सहसा दिसतच नाही. मऊ भागातलं कुसळ शोधायला सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते, कानात ओटोस्कोप, नाकात दुर्बीण. कधी कधी जखमेची वाट उघडून शोधण्यावाचून पर्याय नसतो, आणि पहिल्याच वेळी सापडेल याची हमी कोणीच डॉक्टर देऊ शकत नाहीत. त्यात त्यांची चूक नसते.

१८. कानाला काही नाही, पण गवतातून आल्यावर शिंकांवर शिंका येताहेत. डोळाही मिटून घेतोय.

नाक: एकामागून एक जोरदार शिंका, पंजाने नाक घासणं, एकाच नाकपुडीतून रक्त. कुसळ आत गेलं असण्याची दाट शक्यता. चिमटा घालू नका, त्याच दिवशी दाखवा. शिंका थांबल्या तरी प्रश्न १३ मधली गोष्ट इथेही लागू आहे.

डोळा: म्हणीत दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पटकन दिसतं, कुत्र्याच्या डोळ्यातलं दिसत नाही. ते आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीमागे लपतं आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडतं. मेडिकलमधल्या सलाईनने डोळा धुवा. मिटलेला डोळा उघडला नाही तर लगेच न्या, उद्यावर टाकू नका. स्टेरॉइड असलेले जुने थेंब घालू नका, बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते.

आणि तोंड उघडं टाकून गवतातून धावलेला कुत्रा पुढे काही दिवसांनी, आठवड्यांनी खोकू लागला, अंगात ताप असला, खाणं कमी झालं, तर कुसळ श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलेलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.

१९. किनाऱ्यावर तर गवत नसतं. तिथे बिनधास्त सोडू का?

ओल्या वाळूत, हो. वाळूच्या टेकड्यांवर नको. तिथे रावणाच्या मिशा असतात, ताठ, टोचऱ्या पानांचं गवत. त्याचे काटेरी गोल गेंद सुकले की सुटून वाऱ्याबरोबर वाळूवरून गडगडत येतात. कुत्र्याला तो चेंडू वाटतो आणि तो तोंडात धरतो. टोकं जिभेत आणि टाळूत रुततात. गेंद दिसला की बोलावून घ्या. सुरूच्या झाडाखाली पडलेली बारीक बोंडंही पंजात अडकतात, पण ती नुसती काढून टाकली की झालं.

समुद्रातून आल्यावर कान आतून टिपून कोरडे करा. खारं पाणी आणि वाळू राहिली की कुसळ नसतानाही मान झटकतो आणि तुम्ही विनाकारण घाबरता.

२०. झुडपात घुसून आला आणि अंगभर वेड्यासारखा घासतोय. काटा-कुसळ काहीच दिसत नाही.

हिवाळ्यात असं झालं तर खाजकुइली असू शकते. तिच्या शेंगांवरची सोनेरी-तपकिरी लव लागली की आग होते. चोळू नका, टॉवेलने पुसू नका, लव आणखी पसरते. हातमोजे घाला. रुंद चिकटपट्टी केसांवर हलके दाबून उचला, प्रत्येक वेळी नवा तुकडा. मग वाहत्या पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवा. डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल, चेहरा सुजत असेल, तर थेट दवाखान्यात.

२१. आमच्या कुत्र्याचे कान उभे आहेत. आम्हाला यातलं काय लागू?

स्नूड आणि झालरीचं सोडून सगळं. उभ्या कानात झालरीतून बी येत नाही, पण उंच गवतातून धावताना तुऱ्यावरून सुटलेलं बी उघड्या कानात सरळ पडतं. गावठी कुत्र्यांच्या कानातूनही कुसळं निघतात. पंजे आणि काखा तर सगळ्यांच्या सारख्याच.

२२. घराच्या कंपाउंडमध्येच गवत माजलंय. कधी कापून घेऊ?

तुरे हिरवे असताना, म्हणजे चवथीची साफसफाई करताना, आणि पुन्हा एकदा सप्टेंबरअखेर. तुरे पिवळे पडल्यावर मशीन फिरवलंत तर पात्याने बी अंगणभर उडतं आणि कापलेल्या थरात आडवं पडून राहतं. उभ्या गवतापेक्षा ते वाईट, कारण कुत्रा नेमका त्या मऊ थरावर जाऊन लोळतो.

उशीर झालाच असेल तर कुत्र्याला आत ठेवून कोयत्याने कापा, कापलेलं ताबडतोब गोळा करून गोणीत भरा आणि उरलेली जमीन खराट्याने झाडून घ्या. कुंपणाच्या तळाशी आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत वाऱ्याने बी साठतं, तिथे दर आठवड्याला झाडू मारा. कुत्र्याचं अंथरूणही त्याच दिवशी उलटं करून झटका. फ्लीसच्या आणि लोकरीच्या कापडात अडकलेली कुसळं धुतल्यानेही निघत नाहीत, ती एकेक करून चिमट्यानेच काढावी लागतात. त्यामुळे या तीन महिन्यांत खाली जुनी सुती चादर घातलेली बरी.